लेकीला कॉम्प्युटर दाखवण्याआधी

तुझ्या लेकीला चौथं लागलं आणि बाईसाहेबांना आता बाबाच्या लॅपटॉपवर 'काम' करायचंय. त्यावरून तुमच्या दोघांत रोज एक फेरी होते, हे ताईकडून कळलं. तो म्हणतो आत्तापासून शिकू दे, तू म्हणतेस डोळे जातील. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत पोरांच्या गराड्यात माझी अख्खी नोकरी गेली. पोरं कुठे अडतात आणि आईबाप कुठे अडतात, दोन्ही मला पाठ आहे. माझं म्हणणं एवढंच, खुशाल दाखव, पण शेजारी बसून दाखव. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका वाक्याला धरूनच आहे. एका दमात अमलात आणायला जाऊ नकोस. चहा घेत वाच, आज जमेल ते आज कर, उरलेलं पुढच्या महिन्यात.

आधी वयाचं बोलू, कारण भांडण तिथेच आहे.

१. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, फक्त आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो — बाळ हसलं की पलीकडची आजी हसते, कार्टून मात्र आपल्याच नादात चालू राहतं. तुझी यातून सुटली, पण जाऊबाईंच्या धाकट्यासाठी लक्षात ठेव.

२. दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना — आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स, हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हीच मर्यादा घातली आणि त्याहून कमी असेल तर अधिक बरं, असंही सांगून ठेवलं.

३. या तासात टीव्ही, फोन, टॅब सगळं धर — डोळ्यांना यंत्राचं नाव कळत नाही. सकाळी आजोबांच्या मांडीवर बसून अर्धा तास टीव्ही झाला असेल, तर संध्याकाळी अर्धाच तास उरला.

४. पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत ठेव, आणि झोप, खेळ, जेवण, अभ्यास यांतलं काही त्यापायी कापलं जात असेल तर दोन तासही जास्त समज — मुलांच्या दिवसात नवे तास येत नाहीत, जुन्यातलेच कुठले तरी जातात.

५. शेजारचा अडीच वर्षांचा मुलगा सराईतासारखा फोन चालवतो म्हणून आपली मागे पडली, असं मनात आणू नकोस — बाळाच्या बोटालाही जमावं इतके ते पडदे सोपे केलेले असतात. ती हुशारी बनवणाऱ्याची.

६. चार वर्षांच्या मुलीला महागडा 'कोडिंग'चा क्लास लावू नकोस — २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंसुद्धा कोडिंग सहावीपासून सांगितलंय, आणि तोवर लागणारी तयारी घरातच फुकट होते. घाईनं लावलेला क्लास, फी भरण्यापुरता खास!

आता जागेचं. यात कुणी फारसं डोकं घालत नाही, पण निम्मी डोकेदुखी इथेच टळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

७. पहिली ओळख फोनवर नको, कीबोर्ड आणि माउस असलेल्या मोठ्या पडद्यावर कर — फोन डोळ्यांच्या फार जवळ येतो, मध्येच मेसेज टपकतात, आणि त्यावर लहान मूल बघत बसण्यापलीकडे फारसं काही करत नाही. नवीन घ्यायला धावू नका. कपाटावर पडलेला जुना डेस्कटॉप पुसून घेतला तरी चित्रं काढायला पुष्कळ झाला.

८. कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेव, ओट्यापाशी उभी असताना पडदा तुला दिसला पाहिजे — चारचौघांत वापरायची सवय चौथ्या वर्षी लागली तर चौदाव्या वर्षी दार लावून बसायचं भांडण होत नाही.

९. त्यापुढे दोन खुर्च्या कायमच्या मांड, एक तिची आणि एक मोठ्या माणसाची — खुर्ची शोधून आणावी लागली की आपण 'तू बस, मी आलेच' म्हणतो, आणि मग येत नाही. शेजारी बसलेलं माणूस सत्तर कुलपांना भारी.

१०. खुर्ची उंच असेल तर पायांखाली पाट दे, आणि पडद्याचा वरचा काठ तिच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली आण — लोंबकळणारे पाय आणि वर ताणलेली मान घेऊन मूल अर्ध्या तासात कुरकुरायला लागतं, आणि आपल्याला वाटतं ते हट्ट करतंय.

११. खिडकी पडद्याच्या बाजूला यावी, समोर किंवा मागे नको — चकाकी आली की डोळे बारीक करून, पुढे वाकून बघायची खोड लागते. तिला मधूनमधून 'डोळे मिचकाव बघू' म्हणत जा, कारण टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात.

१२. मल्टिप्लगची माळ करू नकोस. वायरी टेबलामागे बांधून टाक आणि पाण्याची बाटली टेबलावर येऊच देऊ नकोस — ओढायला दोरी आणि सांडायला पाणी दिसलं की चार वर्षांचं मूल ते करून बघणारच. गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा, ही सवय तर घरातल्या सगळ्यांना लाव. तुमच्या रत्नागिरीच्या जून महिन्याबद्दल मी काय सांगायचं!

१३. रिमोट, खेळणी, छोटे दिवे यांतले चपटे गोल बटण-सेल कुलपात ठेव, आणि सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना ते बघ — गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता सरळ दवाखाना गाठायचा.

१४. रोज तास-दोन तास तिला उजेडात, बाहेर खेळू दे, मगच पडद्याची गोष्ट काढ — मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसायचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय. आधी अंगण, मग बटण.

इतकं झालं की मग यंत्राला हात लावायचा.

१५. पहिल्या दिवशी फक्त सुरू करायला आणि नीट बंद करायला शिकव, बाकी काही नाही — जिला बंद करता येतं, तिलाच चालवता येतं.

१६. तिच्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं, साधं खातं उघड. प्रोग्रॅम घालायची परवानगी फक्त तुमच्या खात्याला — मग 'हात लावू नको, बिघडेल' हे वाक्य घरातून हद्दपार करता येतं. ज्या मुलाला ते वाक्य रोज ऐकू यायचं, ते पुढे माझ्या वर्गात हात मांडीवर ठेवून बसायचं.

१७. माउस लहान घे आणि सुरुवातीला त्याचा वेग कमी करून ठेव — चार वर्षांच्या मुठीत मोठ्यांचा माउस मावत नाही, आणि बाण पळाला की मूल रडकुंडीला येतं.

१८. पहिले काही महिने 'टक्स पेंट' पुरेल; लहान मुलांसाठीच केलेला, चित्रं काढायचा हा मोफत प्रोग्रॅम २००२ पासून आहे आणि इंटरनेटशिवाय चालतो — चित्र साठवताना नावबिव विचारत नाही, म्हणून वाचता न येणाऱ्या मुलालाही काल काढलेला हत्ती आज सापडतो. त्याच्या जोडीला 'जीकॉम्प्री' घाल; त्यात दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी माउस, अक्षरं, अंक यांचे ढीगभर खेळ आहेत, तेही मोफत.

१९. ती चुकली तरी माउस हिसकावू नकोस, आपले हात मांडीवर ठेव आणि तोंडानं सांग — 'तो वरचा लाल चौकोन दिसतोय का?' असं विचारलंस की ती शोधते. तू दाबून दिलंस की ती फक्त बघते. जावईबापूंना हा मुद्दा मोठ्यानं वाचून दाखव, त्यांच्या बोटांना फार घाई असते.

२०. तिनं काढलेलं चित्र महिन्यातून एखादं तरी छापून आण आणि भिंतीवर लाव — पडद्यावरचं काम हातात धरता येतं हे कळलं की तिला ते 'आपण केलेलं' वाटायला लागतं.

२१. घरात दुसरं मूल असेल, शेजारची मैत्रीण आली असेल, तर एका पडद्यासमोर दोघींना बसव — एक बोलते, दुसरी दाबते, आणि बोलता बोलताच दोघी शिकतात.

या मुद्द्यापाशी जरा थांबते. १९९९ मध्ये सुगता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला एका भिंतीत कॉम्प्युटर बसवला, आणि कधी यंत्र न पाहिलेली वस्तीतली पोरं ते आपली आपण चालवायला शिकली. ही गोष्ट सांगून पुष्कळ लोक म्हणतात, बघा, मुलांना कुणाची गरज नसते. मला त्यात उलट दिसतं. त्या भिंतीपुढे कुणीच एकटं नव्हतं. एका पडद्याभोवती घोळका होता, मागचा पोरगा पुढच्याला ओरडून सांगत होता. आपल्याकडेही २००७ मध्ये कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेत, छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप प्रत्येक पोराला दिले होते. शिक्षक एकच, पण तो वर्गात होता, पोरं एकमेकांच्या शेजारी होती. तुझी लेक बंद खोलीत टॅब घेऊन एकटी बसली तर तिला यांतलं काहीच मिळत नाही.

२२. कॉम्प्युटर कसा 'ऐकतो' हे आधी जमिनीवर खेळून दाखव — हॉलच्या फरशीवर तू यंत्र हो आणि तिला हुकूम सोडू दे: 'तीन फरश्या पुढे, उजवीकडे वळ, दोन फरश्या पुढे.' ती नुसतं 'तिकडे जा' म्हणाली तर जागची हलू नकोस. 'तिकडे म्हणजे कुठे?' इतकंच विचार. दोन दिवसांत ती मोजून, क्रमानं, स्पष्ट सांगायला लागेल, आणि प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे हेच.

२३. मग अदलाबदल कर, ती कासव आणि तू हुकूम देणारी. उजवं-डावं याच खेळात पक्कं होतं — अंगानं केलेलं मूल विसरत नाही.

कासव म्हणाले ते उगाच नाही. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा केली. तिच्यातलं कासव आधी खरोखर जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, पोटाशी पेन बांधलेलं. पडद्यावर ते नंतर आलं. पॅपर्ट जिनिव्हाला पियाजे यांच्याबरोबर काम करून आलेले. मूल स्वतः काहीतरी घडवताना शिकतं, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. आमच्या शाळेत या कासवानं जे काम केलं ते माझ्या फळ्यानं केलं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चौकोन लगेच जमायचा: पुढे १००, उजवीकडे ९०, असं चार वेळा. मग मी त्रिकोण काढायला सांगायची. पुस्तकात त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा शिकवलेला असतो, म्हणून झाडून सगळे ६० लिहायचे, आणि कासव भलतीकडेच निघून जायचं. सहा वेळा केलं की षटकोन व्हायचा. वर्गात गलका. तेव्हा एकाला उठवून जमिनीवर खडूनं काढलेल्या त्रिकोणावरून चालायला लावायचं. कोपऱ्याशी आलं की त्याला कळायचं, आपण वळतोय ते आतल्या कोनाइतकं नाही, बाहेरून खूप जास्त वळतोय, १२०. तो 'अरेच्चा!' तिच्याही तोंडून निघेपर्यंत उत्तर सांगू नकोस, एवढीच माझी विनवणी.

२४. चूक झाली की 'चुकलं' म्हणू नकोस, 'कुठून बिघडलं शोधू या' म्हण — यंत्र सांगितलं तेवढंच करतं, म्हणजे बिघाड हुकमांच्या यादीतच कुठे तरी सापडतो, आणि तो शोधणं हाच खेळ.

२५. पाचव्या-सहाव्या वर्षी टॅबवर 'स्क्रॅच ज्युनिअर' चालेल, आठव्या वर्षापासून 'स्क्रॅच' — पहिल्यात सगळे हुकूम चित्रांचे, वाचावं लागत नाही. दुसरं अमेरिकेतल्या एमआयटीनं २००७ मध्ये आणलं, त्यात ठोकळे जोडून मुलं स्वतःच्या गोष्टी आणि खेळ बनवतात. दोन्ही मोफत आहेत, तेव्हा कुणी पैसे मागितले तर कशाचे ते विचार.

२६. अक्षरओळख पक्की झाली, साधारण दुसरीत गेली, की मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्टवर शिकव — 'काका' लिहायला मनात आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागत नाही. क दाबला की क उमटतो. मात्रा डाव्या हाताशी, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताशी, त्यामुळे 'काका', 'दादा', 'बाबा' लिहिताना उजवा-डावा-उजवा-डावा असा ताल धरला जातो आणि पोरं खुदखुदतात. 'मामा' लिहिताना तो ताल का मोडतो, ते तिलाच शोधू दे. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडलीस की हा कीबोर्ड मिळतो. ही सरकारनं ठरवलेली प्रमाण रचना आहे, म्हणून उद्या तिला गुजराती किंवा कन्नड लिहायचं झालं तरी क तिथेच सापडेल.

२७. टाइपिंग आलं म्हणून वही बंद करू नकोस. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत पेन्सिल, माती, कात्री, कणकेचा गोळा यांनाच हाताचा मोठा वाटा दे — बोटांत ताकद आणि वळण त्यातून येतं, बटण दाबण्यातून येत नाही.

काय दाखवायचं, ते आता झटपट. चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत, शोधत बसायला नको.

२८. गोष्टी वाचायला 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' उघड — तिथे मराठी चित्रकथा मोफत आहेत, आणि पान तूच उलटायचं असतं, आपोआप पळत नाही. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात. तुझ्या लहानपणीचा एखादा अंक काढून तिला दाखव, दोघी तासभर हलणार नाही.

२९. अरविंद गुप्तांची टाकाऊतून बनवलेली खेळणी बघा, पण एक व्हिडिओ बघितला की पडदा बंद करून ते खेळणं खरंच बनवा — पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं, ते मुलांनी काड्या-कागद हातात घ्यावेत म्हणून.

३०. शाळेच्या पुस्तकात क्यूआर कोड असेल तर आधी पान वाचा, मग कोड — सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि त्यांच्याही कामात पुस्तक मुलाच्या हातातच होतं.

३१. यूट्यूब लावायचंच असेल तर ऑटोप्ले बंद कर, आणि मुलांच्या आवृत्तीत तू निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे ती वापर — गाणं संपल्यावर पुढचं आपोआप लागलं की मूल थांबायचं कधी शिकणार? शोधायची खिडकी पहिली काही वर्षं तुझ्याच हातात असू दे.

३२. जेवताना पडदा नको, अगदी भरवणं लांबलं तरी — बघता बघता खाणाऱ्या मुलाला पोट भरलेलं कळत नाही आणि ताटात काय होतं तेही कळत नाही.

३३. झोपायच्या आधी तासभर सगळे पडदे बंद — झगझगीत उजेड आणि उड्या मारणारी चित्रं घेऊन अंथरुणावर गेलेलं मूल लवकर झोपत नाही, आणि मग आईही झोपत नाही.

३४. रडू आवरायला फोन देऊ नकोस, कितीही पाहुणे बसलेले असोत — रडू थांबवायला दिलेला फोन रडूनच परत मिळतो. रडण्याचं कारण भूक, झोप किंवा नुसता कंटाळा असेल, तर कंटाळा येऊ दे की. त्यातूनच ती चादरीचं घर करायला उठते.

३५. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांग, आणि चित्र किंवा गोष्ट पुरी झाल्यावर थांबव — अर्ध्या हत्तीवर पडदा बंद केला तर मोठ्या माणसालाही राग येईल. बंद करायचं बटण तिनंच दाबायचं, तू नाही.

३६. घरातल्या सगळ्या मोठ्यांचा नियम एकच असू दे, आणि आजोबांना तो प्रेमानं, चहासोबत समजावून सांग — आईचा नियम एक आणि आजोबांचा दुसरा असला, की मूल वकिली आधी शिकतं.

आता थोडं काळजीचं. घाबरवायला सांगत नाहीये. सवयी आत्ता लागल्या की पुढे घाबरावं लागत नाही.

३७. पैसे जाणारा फोन तिच्या हातात उघडा देऊ नकोस. द्यावाच लागला तर एकच ॲप 'पिन' करून दे — खेळातलं चमचमणारं बटण आणि खरेदीचं बटण यांतला फरक चार वर्षांच्या मुलीला कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही चुकीची.

३८. कुठल्याही ॲपनं तिचं नाव, जन्मतारीख, शाळा विचारली की थांब आणि खरंच गरज आहे का बघ — २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती बंधनकारक ठरवलीय, पण संमतीचं बटण आपणच न वाचता दाबलं तर कायदा काय करणार?

३९. शाळेच्या गणवेशातले, अंघोळीचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नकोस — एकदा गेलेला फोटो कुणाकुणाकडे पोचला हे शोधता येत नाही, आणि मोठी झाल्यावर तो तिला आवडेलच असं नाही.

४०. बोललं की उत्तर देणाऱ्या यंत्राशी ती गप्पा मारायला लागली, तर ते माणूस नाही हे तिला साध्या शब्दांत सांग, आणि त्यानं दिलेलं एखादं उत्तर दोघी मिळून पुस्तकात पडताळा — यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठाम आवाजात देतं.

४१. 'काही विचित्र दिसलं, कुणी काही विचारलं, तर मला सांग, मी रागावणार नाही' हे वाक्य तिला महिन्यातून एकदा तरी ऐकव, आणि सांगितल्यावर खरंच रागावू नकोस — मी जी मुलं अडकलेली पाहिली ती बहुतेक घरच्या रागाला भिऊन गप्प बसलेली होती. पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधून आपण विहिरीच्या काठावरच बसतो ना, तसं बसून राहायचं. सांगितलं ते सुटलं, लपवलं ते गुंतलं.

४२. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांचा १९३० हे दोन्ही नंबर फ्रिजवर लिहून ठेव — वेळ आली की माणसाला आपला स्वतःचा नंबरही आठवत नाही.

आणि शेवटचा मुद्दा तुमच्या दोघांसाठी आहे.

४३. घरी आल्यावर तुम्ही दोघं आपापले फोन दाराजवळच्या फडताळावर ठेवा आणि ती झोपेपर्यंत, फोन वाजल्याशिवाय, उचलू नका — ती तुमच्या नियमांकडे बघत नाही, तुमच्या हातांकडे बघते. आठवडाभर जमलं तर मला कळवा, नाही जमलं तरी कळवा. पण सुरुवात आजच करा, आणि ती दुसरी खुर्ची रविवारच्या आत आणा.